सोयाबीनचे झाड उपटू नका, खणून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन पंचवीस-तीस दिवसांचे झाले, पहिली कोळपणी आटोपली आणि पानांवर जराशी पिवळी झाक आली, की आमच्या औसा तालुक्यात कृषी सेवा केंद्रांपुढे युरियासाठी रांग लागते. यंदाही ती लागली आहे. युरिया मिळत नाही, मिळाला तर सोबत नको असलेले दुसरे काहीतरी माथी मारले जाते, ही तक्रार आपल्या दैनिकात दरवर्षी छापून येते आणि ती खोटी नाही. मात्र या रांगेतल्या किती जणांच्या सोयाबीनला त्या गोणीची खरोखर गरज आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात मी माझ्याच शेतातली दोन झाडे पाहिली. झाड हाताने उपटले तर मुळांवरच्या गाठी मातीतच तुटून राहतात आणि आपण ‘गाठी नाहीतच’ असे म्हणून मोकळे होतो. त्यामुळे बुडापासून वीतभर अंतर सोडून खुरप्याने ढेकळासकट झाड काढले, बादलीभर पाण्यात अर्धा तास ठेवले आणि माती आपोआप सुटू दिली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणलेले द्रवरूप रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू खत, पेरणीपूर्वी बियाण्याला लावलेल्या पट्ट्यातल्या झाडाच्या सोटमुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दाटीने लगडल्या होत्या. नखाने एक फोडली, तर आतून लालसर गुलाबी निघाली. बीजप्रक्रिया न केलेल्या पट्ट्यातल्या झाडावर मोजून पाच गाठी होत्या आणि त्यांतल्या दोन आतून पांढऱ्या, म्हणजे काम न करणाऱ्या.

हा गुलाबी रंग म्हणजे गाठ कामावर असल्याची खूण आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र (नायट्रोजन) असले, तरी त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणत्याही पिकाला ते थेट घेता येत नाही. गाठीत राहणारे जिवाणू नायट्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ती जोडी फोडतात आणि नत्राचे अमोनियात रूपांतर करतात. त्या बदल्यात झाड त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरवते. अडचण अशी की या विकराला प्राणवायू सोसत नाही आणि जिवाणूंना तर श्वसनासाठी तो हवाच असतो. झाड यावर लेगहिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य तयार करून तोड काढते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातले हे द्रव्य प्राणवायू बांधून ठेवून जिवाणूंना बेताबेताने देते. डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतले हे जिवाणू १८८८ मध्ये वेगळे काढून दाखवले. आपल्या वाडवडिलांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते, पण मुगा-उडदाचा बेवड, म्हणजे त्या पिकांनी सुधारलेले रान, ज्वारीला चांगला, एवढे ते पक्के जाणून होते.

मग सोयाबीनला वेगळे जिवाणू कशाला लावायचे? तूर, मूग, उडीद ही आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या असलेली पिके आहेत आणि त्यांना चालणारे जिवाणू रानात बहुधा असतातच. सोयाबीन मात्र पाहुणे पीक आहे. त्याला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम हा त्याचा स्वतःचा जिवाणू लागतो आणि हरभऱ्याच्या पाकिटातला त्याला चालत नाही. दुकानात ‘रायझोबियम द्या’ म्हणून मिळेल ते पाकीट उचलणाऱ्यांनी पिकाचे नाव वाचून घ्यावे.

आता हिशेबाचे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १२ किलो. पेरणीबरोबर डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची ५० किलोची एक गोणी दिली, की त्यातले ९ किलो तिथेच पोहोचते. हे नत्र गाठी कामाला लागेपर्यंतची शिदोरी आहे. त्यावर ४५ किलोची युरियाची गोणी टाकली, तर आणखी वीस किलोंहून अधिक नत्र मुळाशी जाते आणि आयते मिळाल्यावर झाड गाठींना साखर पुरवणे आवरते घेते. पैसे देऊन आपण आपलेच फुकटचे गडी कामावरून काढतो, असा हा व्यवहार आहे. शिवाय पीक काडावर जाते, म्हणजे नुसतेच वाढते आणि शेंगा कमी धरते, ते वेगळेच. पिवळेपणाचे म्हणाल, तर आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचून वाफसा (मातीतला ओल-हवेचा मेळ) मोडला, की शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तो लोहाचा तुटवडा असतो, त्याला युरिया हे औषधच नव्हे. नत्र कमी पडले, तर आधी बुडाची पाने पिवळी पडतात.

जिवाणू खत सगळ्या रोगांवरचा उतारा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्वारी-कापसाला ॲझोटोबॅक्टर लावून युरिया पूर्ण बंद करता येत नाही. हा जिवाणू मुळाच्या आत घर करत नाही, भोवतालच्या मातीत राहतो आणि ज्या मातीत सेंद्रिय कर्ब नाही तिथे त्याला खायलाच नसते. सोयाबीनने बांधलेल्या नत्राचाही मोठा भाग दाण्यातून बाजारात जातो. रानाला उरतो तो झडलेला पाला आणि मुळ्या.

माझे खरे गाऱ्हाणे पुढेच आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून पाकिटे घेतली, सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि गाठी जवळपास आल्याच नाहीत. नंतर लक्षात आले, की ती पाकिटे पत्र्याच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर सगळा मे महिना पडून होती. लातूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, मग पत्र्याला टेकलेल्या पाकिटात जिवंत काय राहणार? खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जिवाणू खतांचा समावेश आहे आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये पाच कोटी, तर द्रवरूपाच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा दंडक आहे. कारखान्यातून निघताना ते असतीलही, पण शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत किती उरतात, हे कोण मोजते? रासायनिक खताची गोणी उन्हात राहिली तरी खतच राहते, पाकिटातले जिवाणू मेले की उरते ती नुसती भुकटी.

आमच्याही चुका आहेत. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवणारे शेजारी मी पाहिले आहेत. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी, पेरणीच्या दोन-तीन तास आधी, जिवाणू, हा क्रम मोडता कामा नये. सोयाबीनची साल पातळ असल्याने गुळाचे पाणी बेतानेच घ्यावे, बी गोणपाटावर हलक्या हाताने चोळावे आणि सावलीत सुकवावे.

कृषी विभागाला विनंती अशी, की खरिपाच्या तोंडावर जिवाणू खतांचे नमुने गोदामातून न काढता तालुक्याच्या दुकानांतील फळ्यांवरून काढावेत, त्यांतील जिवंत जिवाणूंची मोजणी व्हावी आणि निकाल पेरणीच्या आत जाहीर व्हावेत. आपल्या दैनिकात सोयाबीनचे भाव रोज छापून येतात. त्याच पानावर जून महिन्यात ते निकाल दुकानांच्या नावानिशी छापावेत, एवढीच आपल्याला विनंती.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी
ता. औसा, जि. लातूर