बुडबुड्याची आकृती

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

"मोबाइलनं स्लाइडचा फोटो निघतो, तरी पोरांना पेन्सिली घेऊन कसला बसवतोस?" हा तुझा टोमणा दोन दिवस डोक्यात घोळतोय. फोनवर उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

परवा कांद्याच्या पापुद्र्याचं प्रॅक्टिकल होतं. एका पोराची आकृती अगदी सुबक. विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत बरोब्बर मधोमध केंद्रक. मी त्याच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर समोर काळ्या कडेचा हवेचा बुडबुडा! गड्यानं पुस्तकातलं उतरवलं होतं. रागावू तरी कसा? आपणही सीनियरची जर्नलंच छापली होती की.

तुला मेंदूच्या पेशी तपासणारे ते दोघे शास्त्रज्ञ, इटलीचा गोल्जी आणि स्पेनचा काहाल, आठवतात का? गोल्जीनं १८७३ मध्ये चांदीच्या क्षारानं चेतापेशी रंगवायची रीत काढली. तिच्यात मोजक्याच पेशी काळ्याभोर होतात, बाकी सगळं पिवळट राहतं. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळोख. गोल्जीला तिथं सलग जाळं दिसलं. काहालनं १८८७ मध्ये माद्रिदला तशा स्लाइडी पाहिल्या आणि पुढच्याच वर्षी, पक्ष्यांचा लहान मेंदू तपासून, पेशी सुट्या असल्याचं मांडलं. रीत तीच, चित्रं दोन.

काहालला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, डॉक्टर बापाला ते नामंजूर. फोटोग्राफीतही तो पक्का, रंगीत फोटोग्राफीवर पुस्तक लिहिलेला माणूस. तरी पेशी काढायचा हातानं. कारण फांद्या वर-खाली गेलेल्या असतात आणि एका फोकसला एकच थर दिसतो. स्क्रू फिरवत, बऱ्याच स्लाइडींत पाहिलेलं एका कागदावर आणायचं म्हणजे काय घ्यायचं, काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. आणि त्याच्या चित्रांतले ते बारीक बाण! संदेश कुठून कुठं जातो ते दाखवणारे. स्लाइडमध्ये बाण असतो का रे? ते त्याचं अनुमान. गोल्जीचं जाळंही असंच कागदावर उतरलं होतं, हेही खरं.

१९०६ चं नोबेल दोघांत वाटलं, आणि गोल्जीनं तिथल्या भाषणातही काहालचं मत खोडायचा प्रयत्न केला. काहालचं खरं ठरवणारी पेशींमधली फट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसली ती १९५० च्या दशकात. तोवर दोघंही गेले होते.

त्या पोराला मी आकृती खोडायला लावली नाही. शेजारी बुडबुडा काढ म्हटलं. तोंड वाकडं करून बसला. पंधरा मिनिटांनी हाक आली, "सर, स्क्रू फिरवला की याची कड जाड-बारीक होते. कुठली काढू?"

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि