लाकूड आणि फळ्यांबाबत गिल्डच्या (खेळाडूंच्या संघाच्या) सभासदांना सूचना

मंडळी, आल्बियन ऑनलाइन या खेळात लिमहर्स्ट शहराजवळच्या जंगलात तोडलेल्या लाकडाच्या फळ्या तिथेच करू नका. फळ्यांचा बोनस फोर्ट स्टर्लिंग शहराला आहे. तिथे कच्च्या मालाचा जास्त हिस्सा परत मिळतो, फोकस (अशा कामांसाठी खर्च करायचे खास गुण) वापरला तर आणखी.

टियर (मालाच्या दर्जाची पातळी) ५ च्या एका फळीला त्याच टियरचं ३ नग लाकूड आणि टियर ४ ची १ फळी लागते. त्यामुळे खालच्या टियरचं लाकूडही गिल्डच्या पेटीत टाका. नवीन सभासदांची ही मदत खरंच मोलाची आहे.

माल नेताना रेड झोनमधून (जिथे इतर खेळाडू हल्ला करू शकतात) एकट्याने जाऊ नका. तिथे मेलात तर सगळा ऐवज लुटला जातो. विक्री प्रीमियम (खेळाचं विकतचं सदस्यत्व) असलेल्यांनीच करावी: त्यांना कर ४ टक्के, इतरांना ८.