चिंचेने घासलेल्या शिवराया

पुणे,
भाऊबीज

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष पत्र नाही, फोन नाही, म्हणून आधी कान धरतो. इकडे सगळं ठीक. साखर ताब्यात आहे, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिचे पाय दुखतात. पुरे.

आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझ्या बारा शिवराया, मराठेशाहीतली ती तांब्याची नाणी, चिंच-मीठ लावून घासल्या गेल्या.

लेक आली होती बंगळूरहून. बाबांची नाणी पूजेत मांडू, त्यांना बरं वाटेल, असं तिच्या मनात. मी दुपारी पडलो होतो तेवढ्यात तिने डबा काढला. संध्याकाळी पाहतो तर तबकात बारा शिवराया, नुकत्या घासलेल्या बंबासारख्या लालबुंद! दोन-तीनशे वर्षांत चढलेला तो काळसर चॉकलेटी रंग पार गेलेला. पोरीची बोटं चिंचेने सुरकुतली होती रे. मी "छान" म्हणालो आणि आरतीला उभा राहिलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

रंगाचं एक वेळ सोसलं असतं. पण पुड्याही गेल्या. त्या ट्रेसिंग पेपरच्या पुड्या, ज्यांवर पेन्सिलीने नाणं कुठे मिळालं, कधी, कितीला, हे लिहायचो, त्या फटाक्यांच्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत. तू मला "पुडीवाला वैद्य" म्हणायचास, आठवतंय ना?

वजनं वहीत होती म्हणून काल दिवसभर काटा घेऊन बसलो. नऊ जुळल्या. तिघींचा पत्ता लागेना, चिंचेनेही थोडं तांबं खाल्लंय. आणि त्या तिघींत तुझी आहे.

तुझी म्हणजे, १९७९ची, जुन्या बाजारातली. बुधवारी हाफ डे टाकून गेलो होतो. गोणपाटावरच्या मोडीतून ती शोधलीस तू, खिशात तीन रुपये, आणि तू चहाला वळलास तेवढ्यात पाच रुपये टाकून मी ती उचलली. दोन महिने बोलला नाहीस. मी तेव्हा म्हणत होतो की बाजारात पैसे देईल त्याचं नाणं. बाळ्या, ते चूक होतं. हे मी आजवर कबूल केलं नाही, आज करतो.

पाडव्याला दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, आम्हाला त्यातलं काय कळतंय? तुम्ही म्हणाल तसं करू." राग आला नाही. उन्हात गोणपाटापुढे उकिडवे बसलो ते आपण, त्यांनी का ओझं वाहावं? पण मी गेल्यावर हा डबा कुणीतरी किलोवर घालेल, या विचाराने छातीत कालवतं. म्हणून जिवंतपणीच आवरायचं ठरवलंय.

चांदीचे कलदार, ते इंग्रजी अमदानीतले रुपये, देऊन टाकतो. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज, एकेक ठेवून बाकीचे सराफाकडे चांदीच्या भावाने. तोळ्याचा एक, ११.६६ ग्रॅम, हजारात ९१७ भाग चांदी. १९४०पासूनचे निम्म्याच चांदीचे, ते वेगळे काढलेत, नाहीतर सगळेच त्या भावात जायचे. त्याचं दुःख नाही, तसे लाखो आहेत. भोकाचे पैसे नातवाला दिले. त्याने ते सुतळीत ओवून गळ्यात घातले आणि घरभर छुमछुम करत फिरला. १९४३च्या त्या पैशाचं इतकं कौतुक माझ्या हातून कधी झालं नव्हतं!

अडलंय ते शिवरायांपाशी. एकूण ४१ आहेत, आणि फोडायच्या नाहीत. एक दलाल येऊन गेला, त्यातल्या सहा चांगल्या निवडून मागत होता. चहा पाजून वाटेला लावला. एकसारखं 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति', पण कुठे 'शिव'चा 'सिव' झालेला, कुठे ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान म्हणून अक्षर कडेबाहेर गेलेलं. शेजारी शेजारी ठेवल्या तरच कुठला ठसा कुणाच्या हातचा ते ओळखू येतं. नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं भांडं आठव. १९०६ साली १३,०००हून अधिक नाणी एका जागी सापडली, म्हणून तर कळलं की क्षत्रप नहपानाच्या ९,०००हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. सुटं एखादं मिळालं असतं तर ही मोजणी कुठून व्हायची? आपल्या ४१ची ती योग्यता नाही, हे मला कळतं. तरी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेला विचारून पाहावं असं मनात आहे. वहीसकट. तुला काय वाटतं? तू नको म्हणालास तर नाही देणार.

धाकट्याचं लग्न ठरल्याचं कळलं. मुलगी मिरजेची ना? फार आनंद झाला. गुडघ्याचं काय केलंस? वहिनींना नमस्कार.

आता काम. तुझ्या शिवराईत 'राजा'चा काना कडेला तुटला होता की 'शिव'चा 'व' कापला गेला होता? माझ्यासमोरच्या तिघींत एक अशी आहे, एक तशी. तू ती चहाच्या दुकानाबाहेर, मी खिशात घालायच्या आधी, उन्हात धरून पाहिली होतीस. तुला आठवेल. फोनवर सांगू नकोस, ये. भिंग घेऊन ये. तुझी सापडली की ती या ४१त धरायची नाही, तुझ्याबरोबर सांगलीला जाईल. पुडी करून ठेवलीय, वर तुझं नाव आणि १९७९ लिहिलंय.

तुझा,
पुडीवाला