बिघडलेली निगेटिव्ह काठापासून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी शीट फिल्म, म्हणजे रिळाऐवजी सुट्या पानासारखी येणारी फिल्म, धुणाऱ्या आपल्या सीमाभागातल्या मुलामुलींवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, राजहंसगडाची तटबंदी, जांबोटीच्या वाटेवरचं धुकं असे ४ बाय ५ इंचाच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर उतरवलेले फोटो बघून फार बरं वाटलं. पण निगेटिव्हवरचे डाग, पट्टे आणि ओरखडे हीच फिल्मची खरी गंमत, असंही त्यात लिहिलं होतं. ते मला मुळीच पटलं नाही.

मी बेळगावातल्या एका दवाखान्यात एक्स-रे विभागात नोकरी करून निवृत्त झाले. संगणक यायच्या आधी एक्स-रे म्हणजे शीट फिल्मच होती. स्टीलच्या हँगरला चारी कोपऱ्यांत अडकवायची, लाल दिव्याखाली डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, टाकीत सोडायची, २० अंशाला ५ मिनिटं, मग पाणी, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, मग वाहतं पाणी. तिथे डागाला गंमत म्हणायची सोय नव्हती. छातीच्या फोटोत फुप्फुसावर पांढरट ठिपका दिसला, तर तो क्षयाचा की धुण्याआधी उडालेल्या हायपोच्या थेंबाचा, हे डॉक्टरांना कळायला हवं. नाही कळलं तर पेशंटला पुन्हा उभं करायचं आणि विनाकारण पुन्हा किरण द्यायचे. म्हणून प्रत्येक डाग कुठल्या टप्प्यावर पडला हे शोधूनच आम्ही पुढची फिल्म हातात घ्यायचो. डेव्हलपरचा थेंब आधी पडला तर काळा डाग, हायपोचा पडला तर फिकट. इतकं सरळ असतं ते.

आता ओळखीपाळखीतली मुलं निगेटिव्ह घेऊन घरी येतात. ‘मावशी, फिल्मच खराब निघाली की,’ हे त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. कंपनीतूनच खराब फिल्म येणं फार क्वचित. मी सांगते, आधी चित्र बघू नको, काठ बघ. फिल्म ज्या चपट्या चौकटीत भरून कॅमेऱ्याला लावतात त्या होल्डरच्या पट्टीखाली जाणाऱ्या त्या अरुंद काठावर कॅमेऱ्यातला उजेड पोचत नाही, म्हणून धुतल्यावर तो जवळजवळ पारदर्शक दिसायला हवा. तोच करडा झाला असेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. फिल्म जुनी आहे, डेव्हलपर फार गरम होता, नाहीतर होल्डरमध्ये भरताना किंवा धुताना तिला उजेड लागलाय. काठ स्वच्छ आणि मधलं चित्रच धुरकट असेल, तर मात्र कॅमेऱ्याचा भाता, म्हणजे भिंगामागचा घड्याघड्यांचा भाग, तपासा. रात्री खोलीत अंधार करून भात्याच्या आत टॉर्च लावायची आणि बाहेरून घडीचे कोपरे बघायचे. सुईएवढं भोकसुद्धा दिसतं. होल्डरच्या तोंडाकडून आत शिरलेला काळा पट्टा असेल, तर डार्क स्लाइडच्या, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाच्या, फटीतून उजेड आलाय. त्या फटीतलं मखमल झिजलेलं असतं, किंवा उन्हात होल्डर उघडा धरून स्लाइड ओढलेली असते. होल्डरवर काळं कापड टाकून स्लाइड ओढा.

उजेडावरून लाल दिव्याचं सांगते. सिनेमात डार्करूम लाल दिसते, म्हणून मुलं न्हाणीघरात लाल बल्ब लावतात. एक्स-रे फिल्मला लाल उजेड समजत नाही, म्हणून आमचं चालायचं. एचपी५ प्लस किंवा फोमापॅनसारख्या फिल्मला सगळे रंग समजतात, तिला पूर्ण काळोख लागतो. गीझरचा छोटा लाल दिवा, मनगटावरचं चमकणारं घड्याळ, दाराखालची फट, सगळं बंद हवं. आत जाऊन काही मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावल्यावर जिथे उजेड दिसेल तिथे चिकटपट्टी लावा.

आकाश ढगाळ नसताना निगेटिव्हमध्ये ते डागाळलेलं, पट्ट्यापट्ट्यांचं येतं, ही तक्रार उन्हाळ्यात जास्त ऐकते. त्याचं कारण गच्चीवरच्या टाकीत आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे टाकीचं पाणी ३० अंशांपर्यंत तापतं. एचपी५ प्लस फिल्म नुसत्या आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटांत होते. पाणी गरम असेल तर ती वेळ ५ मिनिटांच्याही खाली येते, आणि इतक्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळ्या फिल्मवर सारखा काम करत नाही. तोच डेव्हलपर तेवढ्याच पाण्यात मिसळून निम्मा केला तर २० अंशाला १३ मिनिटं लागतात, २४ अंशाला साधारण ९. हाताशी वेळ राहतो. ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. आणि डेव्हलपर, मधलं पाणी, हायपो, धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाच्या आसपास ठेवा. थंडातून एकदम गरमात गेलेल्या फिल्मच्या थरावर, म्हणजे चित्र उमटतं त्या लेपावर, बारीक सुरकुत्यांचं जाळं उठतं आणि ते परत बसत नाही.

ट्रे हलवण्याची रीतही महत्त्वाची. एकच कोपरा उचलत राहिलात तर ठरावीक वाटेने लाट जाते आणि तिथे गडद पट्टा येतो. चारी कोपरे आळीपाळीने उचला, सावकाश. एका ट्रेमध्ये तीन-चार शीट धुवायच्या असतील तर आधी साध्या पाण्यात एकेक करून बुडवा, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. मग खालची काढून वर, खालची काढून वर, असं सलग चालू ठेवा. एकीचा कोपरा दुसरीच्या थरावर घासला की ओरखडा पडलाच. ज्यांना हे अंधारात जमत नाही त्यांनी एका वेळी एकच शीट धुवावी. फिल्म महाग आहे, घाई परवडत नाही.

स्वस्त म्हणून काही जण ८ बाय १० इंचाची एक्स-रे फिल्म चार तुकडे करून वापरतात. जरूर वापरा, पण होल्डरमध्ये बसण्यासाठी तुकडा ४ बाय ५ पेक्षा किंचित लहान कापावा लागतो. नेहमीच्या एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, त्यामुळे ट्रेच्या नक्षीदार तळावर मागची बाजू खरवडते. तळाशी गुळगुळीत काच ठेवली की ओरखडे पुष्कळ कमी होतात.

छोटे ठिपके नीट बघा. निगेटिव्हवर पारदर्शक, गोल, रेखीव कडेचा ठिपका म्हणजे डेव्हलपरमध्ये चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा. आमच्याकडे टाकीत सोडल्या सोडल्या हँगर काठावर ठक्कन आपटायची सक्ती होती, ती त्यासाठीच. वेडावाकडा पारदर्शक ठिपका म्हणजे होल्डरमधली धूळ. चंद्रकोरीसारखी खूण नखाने किंवा बोटाने फिल्म दुमडल्याची असते. फोटो काढण्याआधी दुमडली तर ती फिकट येते, नंतर दुमडली तर काळी. झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा कोरड्या हवेत फिल्म झटकन ओढल्याने पडतात, ती स्थिर विजेची ठिणगी असते.

दुधाळ किंवा जांभळट निगेटिव्ह पाहून घाबरू नका. ती बहुधा हायपोत कमी राहिलेली असते, ताज्या हायपोत पुन्हा घालता येते. फिल्मचा फुकट गेलेला तुकडा उजेडातच हायपोत टाकून तो किती वेळात स्वच्छ होतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवा. ताज्या हायपोपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की तो बदला. वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते, तो गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. आमच्या विभागात तो साठवून चांदी काढणाऱ्यांना दिला जायचा.

शेवटचा त्रास वाळवण्याचा. बोअरच्या पाण्यातला क्षार वाळताना पांढरे गोल ठसे सोडतो, आणि खानापूरकडच्या पावसात फिल्म वाळायला इतका वेळ लागतो की मुलं पंखा लावतात, मग धूळ चिकटते. शेवटचं विसळणं बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात करा, त्यात पाणी सारखं निथळवणारं फोटो-फ्लो टाका, तेही २०० भाग पाण्याला १ भाग इतकंच. ओली फिल्म बोटाने पुसू नका, एका कोपऱ्याने टांगा आणि न्हाणीघराचं दार लावून घ्या.

संपादकसाहेब, आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत चांगल्या फोटोंशेजारी एखादी बिघडलेली निगेटिव्हही छापावी, खाली तिचं कारण द्यावं. कारणं लिहून द्यायला मी तयार आहे, त्याचं मानधन नको. फक्त पाठवणाऱ्यांना एवढं सांगा की निगेटिव्हचा काठ न कापता फोटो पाठवा, आणि सोबत डेव्हलपरचं नाव, पाण्याचं तापमान आणि किती मिनिटं धुतली ते लिहा.

आपली नम्र,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ
शहापूर, बेळगाव