कापसाचे चुकारे आणि अर्पणाची थैली

महोदय,
कापसाचे चुकारे हाती आले की खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अर्पण वाढते, आणि मोठ्या दात्यासाठी पुढची जागाही राखली जाते. बायबलात मत्तय 6:19-24 मध्ये निर्दोष डोळ्याचे वचन संपत्ती साठवणे आणि धनाची चाकरी या दोहोंच्या मधोमध आहे, ते उगाच नाही. नजर खिशाकडे वळली की दात्याची चूक दिसत नाही; दिसली तरी पाळक गप्प राहतात. यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठीच्या वर्गणीबाबत कोणी बोट ठेवू नये, म्हणून प्रेषित पौलाने सोबत माणसे घेतली (2 करिंथ 8:19-21). आपणही थैली उपासनेनंतर तिथेच मोजावी. मोजणारे दोघे एकाच घरचे नकोत. वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात, रक्कम सोमवारी बँकेत भरावी. दात्यांची नावे, रकमा वाचून दाखवणे मात्र येत्या रविवारपासूनच बंद करा.
– एक वाचक, जि. यवतमाळ