पुस्तकं गोळा करायच्या आधी बाईंना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका कंपनीच्या लोकांनी शाळेला पुस्तकं दिल्याचा फोटो आला होता. दहा-बारा मोठी माणसं, मागे खोक्यांची भिंत आणि पुढे उभी केलेली दोन पोरं, त्यातल्या एकाच्या हातात डिक्शनरीएवढं जाडजूड काहीतरी होतं आणि ते पोर पुस्तक सोडून कॅमेऱ्याकडे बघत होतं. नावं ठेवायला लिहीत नाहीये, अगदी तस्साच फोटो आमच्या ऑफिसचाही निघालेला आहे आणि त्यात डावीकडून तिसरा मी आहे.

मी स्टोअर्सला असतो. एचआरच्या मॅडमनी ठरवलं की बुक ड्राइव्ह करायची, लिफ्टमध्ये पोस्टर लागलं, रिसेप्शनला मोठं खोकं ठेवलं आणि प्रत्येक डिपार्टमेंटची स्पर्धा लावली, कोण जास्त पुस्तकं देतं ते बघू. इथेच माशी शिंकली असं मला आता वाटतं, तेव्हा नाही वाटलं, तेव्हा मीही अकाउंट्सवाल्यांना हरवायचं म्हणून घरचं कपाट रिकामं केलं. तीन आठवड्यांत १४ खोकी भरली. त्यात काय नव्हतं ते विचारा! परीक्षांची गाइडं, कोणाची तरी मॅनेजमेंटची पुस्तकं, इन्कम टॅक्सची, बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल, अर्धी रंगवलेली चित्रांची पुस्तकं, आणि आमच्याच कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या ९ कॉप्या. शाळा चौथीपर्यंतची.

दोनेक महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या शाळेत जाणं झालं, तर जिन्याखाली आमची खोकी. आमचीच चिकटपट्टी, आमचाच लोगो. बाई आधी काही बोलेनात, मग म्हणाल्या की सुट्टीच्या दिवशी येऊन सगळी उपसली, वर्गात ठेवण्यासारखं दीड खोकं निघालं. मग बाकीची टाकून का नाही दिली? तर म्हणाल्या, टाकली आणि तुमच्यापैकी कोणी बघितलं तर म्हणाल शाळेने आमची पुस्तकं रद्दीत घातली. धर्माची गाय आणि दात का गं नाही, असं शाळेने विचारायचं नसतं ना, म्हणून ते बिचारे खोकी सांभाळत बसले, जागा आधीच कमी त्यात आमची अडगळ, आणि आम्ही इकडे फोटो फ्रेम करून लावलेला.

त्यांनी एक अॅटलास काढून दाखवला. उघडला तर अख्खं सोव्हिएत युनियन एका रंगात पसरलेलं, जे १९९१ मध्येच संपलं. दुसरं एक अवकाशाचं पुस्तक, चित्रं फार सुंदर, पण ग्रह नऊ. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं, त्यामुळे वर्गात एक पोरगं उठून म्हणालं बाई पुस्तकात नऊ आहेत तुम्ही आठ सांगता, आणि एक अख्खा तास त्यात गेला. तसं बघितलं तर तो चांगलाच तास झाला असणार, पण ज्या वर्गात एकूण वीस-पंचवीस पुस्तकं आहेत तिथे त्यातलं एक चुकीचं असणं परवडत नाही. तेव्हापासून माहितीच्या पुस्तकांसाठी मी एक सोपी युक्ती धरली आहे, पुस्तकाच्या मागे बारकोडजवळ आयएसबीएन नंबर असतो तो २००७ पासून १३ आकडी झाला, त्यामुळे फक्त १० आकडी नंबर दिसला तर ती प्रत बहुतेक त्याच्या आधीची समजायची आणि आत डोकावल्याशिवाय पुढे सोडायची नाही. गोष्टीच्या पुस्तकांना हे लागू नाही, गोष्ट शिळी होत नाही, फाटते फक्त.

पुढच्या वर्षी पोस्टर लावायच्या आधी आम्ही दोघं-तिघं बाईंकडे जाऊन बसलो. तुम्हाला काय हवंय असं विचारायचं नाही हे तिथे कळलं, कारण त्याला उत्तर एकच येतं, काहीही चालेल सर. त्यापेक्षा बारीकसारीक विचारायचं. कितवीचा वर्ग, मुलं किती, घरी कुठली भाषा बोलतात, कपाट आहे का आणि असेल तर किल्ली कोणाकडे असते. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न आमच्या डिस्पॅचच्या मुलाने सहज विचारला, बाई सगळ्यात जास्त फाटलेलं पुस्तक कुठलं? बाई हसल्या आणि प्राण्यांचं एक बारकं पुस्तक घेऊन आल्या, चार ठिकाणी चिकटपट्टी, एक पान दोऱ्याने शिवलेलं, कोपरे खाल्ल्यासारखे. पातळ, अक्षर मोठं, एका पानावर तीन-चार ओळी आणि बाकी चित्र. दोन तासांच्या मीटिंगमध्ये जे कळलं नसतं ते त्या फाटक्या पुस्तकाने सांगितलं.

भाषेचं पण तसंच. आमच्या खोक्यात बहुतेक इंग्लिश, कारण ऑफिसातल्या लोकांच्या घरी तीच पडलेली असतात. युनेस्कोने १९९९ मध्ये मातृभाषा दिन जाहीर केला, दर २१ फेब्रुवारीला आपण सगळे त्याचे मेसेज फॉरवर्ड करतो, पण खोक्यात टाकताना ज्या मुलाला ते वाचायचंय ते घरी काय बोलतं हे कोणाच्या डोक्यात येत नाही. बाईंनी एक बोटांचा हिशोबही शिकवला. मुलाने कुठलंही एक पान उघडून वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायचं, पान संपायच्या आत पाचही बोटं मोडली तर पुस्तक सध्या जड आहे, आत्ता बाजूला ठेवायचं. मी घरी लेकीवर करून बघितलं, मी तिच्यासाठी कौतुकाने आणलेली दोन पुस्तकं पहिल्या परिच्छेदातच गेली.

आणखी एक गोष्ट म्हणजे वर्गाला एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती लागतात, म्हणजे चार-पाच मुलं गोल करून एकत्र वाचू शकतात. लोकांच्या घरून अशा प्रती कधीच येत नाहीत, त्या विकतच घ्याव्या लागतात. म्हणून आम्ही खोक्याशेजारी पैशांचा डबा पण ठेवला. खरं सांगायचं तर डब्याचंच काम जास्त झालं.

आता थोडं माझ्या खात्यातलं. पुस्तकं जड असतात हे सगळ्यांना माहीत असतं पण खोकं उचलेपर्यंत कोणाला आठवत नाही. पहिल्या वर्षी मॉनिटरचं मोठं खोकं गच्च भरलं आणि जिन्यात त्याचा तळ सुटला, मी आणि वॉचमन काका अर्धा तास पायऱ्यांवरून गाइडं वेचत होतो. झेरॉक्स पेपरचा बॉक्स वापरा, प्रत्येक ऑफिसात ढिगाने पडलेले असतात. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांची रिम अडीच किलो आणि पाच रिमांचा बॉक्स साडेबारा किलोचा, तो कागदाचंच वजन पेलायला बनवलेला असतो आणि एका माणसाला उचलता येतो. भरायच्या आधी प्रत्येक पुस्तक उघडून वास घ्यायचा. हसू नका, दमट वास आला की ते वेगळं काढायचं, एका बुरशीच्या पुस्तकाने बंद खोक्यातली शेजारची पण जातात, आणि कसर लागलेलं असेल तर त्याला बाकीच्यांच्या जवळही ठेवायचं नाही. पानं झटकायची पण. आम्हाला एका पुस्तकात खूण म्हणून घातलेली सॅलरी स्लिप मिळाली, कोणाची ते सांगत नाही पण त्या दिवसापासून ते साहेब माझ्याशी जरा जपून बोलतात. पहिल्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेल्या असतील तर ते पान काही जण फाडतात, मी नाही फाडत. हे पुस्तक आधी कोणीतरी कोणालातरी प्रेमाने दिलं होतं हे मुलांना कळलं तर बिघडतं काय?

ऑफिसात खरी अडचण आकड्याची असते. दुसऱ्या वर्षी निवडून शेवटी ६२ पुस्तकं गेली आणि मॅडमचा चेहरा पडला, कारण वर पाठवायच्या रिपोर्टला ६२ शोभत नाही. बाजू त्यांचीही आहे, त्यांना विचारणारे किती हेच विचारतात. मी त्यांना रंगनाथनांचं सांगितलं. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, आणि पुढे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आमच्या वार्षिक अहवालाला चौथीपर्यंतच्या शाळेत वाचक कुठून मिळणार? यावर मॅडम हसल्या आणि रिपोर्टमध्ये किती जमली हा कॉलम काढून वर्गात किती ठेवली हा कॉलम घातला. डिपार्टमेंटची स्पर्धा पण बंद केली. अकाउंट्सवाले अजून कुरकुरतात.

आपल्याला एकच विनंती आहे. असे फोटो छापा, जरूर छापा, लोकांना हुरूप येतो. पण बातमीदाराला सांगा की पुस्तकं किती दिली याच्याबरोबर कितवीच्या मुलांना, कुठल्या भाषेतली आणि शाळेने मागितलेली होती का एवढं विचारून एक ओळ टाक. पेपरात ही ओळ यायला लागली तर आमच्यासारखे हौशी लोक पण पोस्टर लावायच्या आधी एक फोन करतील.

यंदाची बाईंची यादी परवाच व्हॉट्सअॅपवर आली. प्राण्यांची पातळ पुस्तकं, विनोदी गोष्टी, त्या गोल करून वाचायच्या पुस्तकाच्या अजून दोन प्रती, आणि सगळ्यात शेवटी, पारदर्शक चिकटपट्टीचे मोठे रोल, चार. मॅडमचा लगेच फोन आला की चिकटपट्टी कुठल्या कॉलममध्ये टाकू.

आपला,
एक वाचक, स्टोअर्स विभाग