शिरीष, आधी ईसीजी काढ

पाचपाखाडी, ठाणे
रविवार दुपार

प्रिय शिरीष,

परवा फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. "रात्री जेवलं की छातीत धडधडतं रे, गॅस असेल. सोडा घेतो आणि भिंतीला टेकून बसतो. हिला बोलू नकोस." मी नुसतं हो म्हटलं, कारण गेलं वर्षभर मीही तुला "मस्त चाललंय" असंच सांगत आलोय. आता खरं काय ते लिहितो.

मागच्या दिवाळीनंतर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस गेला. 44 वर्षांचा. दुपारी डबा खाल्ल्यावर छातीत जळजळतंय म्हणाला, पित्ताची गोळी घेतली, आणि संध्याकाळी बातमी आली. पंधरा दिवसांनी रबाळ्याहून परतताना लोकलमध्ये उभा होतो, तर छातीत एकदम मासा उलटल्यासारखं झालं. एक ठोका गायब, आणि पाठोपाठ एक दाणकन. ठाणं येईपर्यंत बोटांना मुंग्या, घशाला कोरड. फलाटावरच्या बाकावर बसून मनगट धरलं, ते पुढे आठ महिने धरूनच होतो.

रात्री तर विचारू नकोस. साडेदहाला जेवायचो, अकराला आडवा. पोट डाव्या बरगडीखाली फुग्यासारखं वर यायचं, करपट ढेकर यायचे, आणि बाराच्या सुमाराला धडधड सुरू. एकदा दीड वाजता सुनीताला उठवलं, रिक्षा केली, इस्पितळात गेलो. ईसीजी नीट निघाला. तिथल्या डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." शिरीष, मला काही होत नाहीये असं त्यांचं म्हणणं, आणि मला तर होत होतं! घरी येईपर्यंत पुन्हा धडधड.

आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळं करून घेतलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉइड वाढलेला असला तरी धडधडतं. मग 24 तासांचा होल्टर लावला, म्हणजे दिवसरात्र ठोक्यांचा आलेख काढणारं यंत्र. छातीला तारा, कमरेला डबी. धडधडलं की वेळ वहीत टिपायची. मी चौदा नोंदी केल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही आणि आलेख शेजारी ठेवले. चौदांपैकी पाच वेळा एखादा आगाऊ ठोका पडला होता, आणि त्यातले चार रात्रीच्या जेवणानंतरच्या दोन तासांतले. उरलेल्या नऊ वेळा आलेख अगदी नीट, फक्त गती थोडी वाढलेली, मिनिटाला 96, 98. ते नुसतं भय होतं.

मग त्यांनी समजावलं, आणि मला वाटतं माझं औषध तिथेच सुरू झालं. आगाऊ ठोका वेळेआधी पडतो, त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं. तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात पडतो. आपल्याला कळतो तो हा जोराचा. दिवसाकाठी हृदय लाखभर वेळा धडकतं. चांगल्या हृदयातही असे काही ठोके वाकडे पडतात, बहुतेकांना ते कळतही नाहीत.

आणि पोट? जठराचा वरचा भाग डावीकडे, श्वासपटलाच्या अगदी खाली असतो, आणि त्याच पडद्यावर वरून हृदय टेकलेलं. शिवाय व्हेगस नावाची एकच मज्जातंतू मेंदूतून निघते, हृदयाला फांद्या देते आणि जठरापर्यंत उतरते. फुगलेलं पोट हृदयाला छेडतं, हे लुडविग रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडलं होतं. त्यात भीती शिरली की अॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, पचन मंदावतं. धापा टाकताना हवा गिळली जाते, पोट आणखी फुगतं. कुठून सुरू झालं ते सापडतच नाही.

पित्ताचं औषध त्यांनी काही आठवडेच दिलं, मनाने पुढे चालू ठेवू नका म्हणाल्या. जेवण आठला आणलं, चहा दिवसाला पाच कपांवरून दोनावर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. डाव्या कुशीवर झोपलं की जळजळ कमी होते खरी, पण हृदय छातीच्या भिंतीला लागतं आणि ठोके जास्त जाणवतात. पहिले काही दिवस मी त्यानेच घाबरायचो. जेवल्यावर सुनीतासोबत कचराळी तलावाला सावकाश दोन फेऱ्या. सगळ्यात अवघड गेलं ते मनगट सोडणं. त्यासाठी समुपदेशकाकडे सहा वेळा गेलो. तिथे पहिल्यांदा त्या शेजारच्या टेबलाबद्दल बोललो आणि रडलो. त्या रात्री शांत झोप लागली. अजूनही महिन्यात एखादी रात्र येते. तेव्हा उठून बसतो, नाकाने हळू श्वास घेतो, त्याहून हळू सोडतो. दहा मिनिटांत ओसरतं.

पण हे वाचून "मलाही तेच असणार" असं ठरवून मोकळा होऊ नकोस, पाया पडतो तुझ्या. आपल्याकडे "गॅस आहे" म्हणत माणसं घरात बसून राहतात. माझा शेजारी तसाच गेला. मला गॅस होता हे तपासण्यांनंतर कळलं, आधी नाही. धडधडताना छातीत दाबल्यासारखं झालं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, दम लागला, घाम फुटला, चक्कर येऊन पडलास किंवा जिना चढताना धडधडलं, तर सोडा शोधू नकोस, 108 ला फोन कर. आणि वहिनीला आजच सांग. तुझ्या बाजूला झोपणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणं मला पटत नाही. मनाचं कुणाशी बोलायला संकोच वाटला तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उद्या सोमवार आहे. सकाळी ईसीजी काढ आणि कागदाचा फोटो मला पाठव. शनिवारी खोपटहून पहिली एसटी धरून नाशकात येतोय. टूडी एकोला आपण दोघं जाऊ. वहिनीला म्हणावं, माझ्यासाठी भाकरी आणि मुगाची आमटी, आणि जेवण आठच्या आत.

तुझा,
अनंत